बेचाळीस सऱ्या आणि एक डुलकी

३ फेब्रुवारी

ताई,

वाकून नमस्कार. खरोखरच वाकले होते, पेन टेबलाखाली गेलं होतं म्हणून. एका वाकण्यात दोन्ही कामं उरकली.

चार वर्षांनी पत्र, आणि तेही कागदावर, म्हणजे तुला वाटेल काहीतरी वाईट घडलंय. काही घडलेलं नाही. मी धडधाकट आहे आणि वजन वाढलंय. फोन केला की भावोजी उचलतात आणि "ती जरा कामात आहे" म्हणतात. चार वर्षं एखादी बाई सलग कामात असेल तर तिला पदकच द्यायला हवं. मोबाइलवर पाठवलेले निरोप तू वाचतेस, एवढं मला दिसतं. पुढे शुकशुकाट. म्हणून म्हटलं कागद पाठवावा. फेकून द्यायचा झाला तरी आधी त्याला हात लावावा लागतो.

तर बातमी अशी की तुझी टिल्लू आता प्रकल्पप्रमुख झाली आहे. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला टिल्लू म्हणणारी तू एकटीच उरली आहेस आणि तूही म्हणत नाहीस, म्हणून मीच म्हणून घेतलं. प्रकल्प तोच, बिनचालकाच्या ट्रॅक्टरचा. मात्र आता तो ट्रॅक्टरसारखा दिसत नाही. कमरेएवढा उंच, नारिंगी, चार जाडजूड चाकं, बॅटरीवर चालतो. सीट नाही, स्टिअरिंग नाही. डोक्यावर एक थाळी आहे, ती उपग्रहांना विचारून विचारून आपण कुठे आहोत ते ठरवते. पोटाखाली सऱ्या पाडायचं अवजार. कागदोपत्री त्याचं नाव अकरा शब्दांचं आहे. आमचे मिस्त्री त्याला ठोंब्या म्हणतात, आणि आता मोठे साहेबही भर बैठकीत चुकून ठोंब्याच म्हणून जातात.

मिस्त्री म्हणजे आमच्या वर्कशॉपचा कणा. वेल्डिंगपासून वायरिंगपर्यंत सगळं त्यांच्याकडे. माझं टेबलही आता त्यांच्याच वर्कशॉपात, लेथ मशीनच्या शेजारी आहे. वरती छान खोली दिली होती, पण तिथून ठोंब्या दिसत नाही. इथे वर पत्रा, खाली तेलाचे डाग, दाराशी चिखलाच्या बुटांची रांग आणि चहाची किटली दिवसभर गरम. माझी मजा चालली आहे.

एप्रिलच्या सव्वीस तारखेला परीक्षक समिती येणार आहे. तिघं जण शेतात उभं राहून प्रात्यक्षिक बघतील आणि प्रकल्प पुढे चालू ठेवायचा की गुंडाळायचा ते ठरवतील. औपचारिकता आहे, दुसरं काही नाही. सगळं उत्तम चाललंय.

आणि त्या सभेतल्या गोष्टीबद्दल एकदाच बोलून टाकते. तो विनोद होता गं. जेवणानंतरची वेळ, सगळे पेंगुळलेले. मी पडद्यावर तुझ्या ट्रॅक्टरच्या वाटेचा नकाशा लावला, सरी जिथे वाकली होती तिथे बाण काढला आणि म्हटलं, "इथे चालकाला बहुधा डुलकी लागली असावी." लोक हसले. तू पहिल्या रांगेत बसली आहेस हे मला माहीत होतं, पण मी तुझं नाव कुठे घेतलं? तू उठून गेलीस तेव्हा मला वाटलं, पाणी प्यायला गेलीस.

तुझी,
टिल्लू

ता. क. सहज विचारते हं. तुमच्या उत्तरेच्या तुकड्यात सरी पाडताना तू मधेच हातभर चढाच्या बाजूला सरकायचीस. ते कशासाठी? काही खास नाही, आपलं सहज.


१९ फेब्रुवारी

ताई,

भावोजींचा निरोप आला. जसाच्या तसा उतरवते: "पत्र पोहोचलं. उघडलेलं नाही. फाडलेलंही नाही. पंख्याने उडू नये म्हणून त्यावर पाना ठेवलाय." मी वर्कशॉपात मोठ्याने वाचून दाखवलं. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, पाना ठेवलाय म्हणजे आशा आहे. नको असलेल्या कागदावर माणूस हत्यार ठेवत नाही."

दोन दिवसांनी दुसरा निरोप. "उघडलं. वाचताना दोनदा नाकाने आवाज काढला. 'सहज' या शब्दापाशी तिसऱ्यांदा."

तू मला लहानपणापासून ओळखतेस हीच अडचण आहे. बरं बाई, सहज नव्हतं. सगळं उत्तमही चाललेलं नाही.

झालं असं, की आमच्या प्रयोगशेतात ठोंब्याने बटाट्यासाठी सऱ्या पाडल्या. काय सऱ्या होत्या! दोरी लावून बघितलं तर दोरी लाजेल. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. मग पाणी सोडलं. पाणी निम्म्या वाटेपर्यंत शहाण्यासारखं गेलं आणि मधेच एका जागी थांबलं, साठलं, वरंबा फोडून शेजारच्या सरीत शिरलं. तिथून तिच्या शेजारच्या. तासाभरात मधोमध तळं. आणि ठोंब्याला कुणीतरी सांगितलं होतं की सकाळी दहाला पाहणीची फेरी मारायची, त्याप्रमाणे तो बरोबर दहाला निघाला आणि त्या तळ्यात पोटापर्यंत रुतला. चाकं फिरताहेत, चिखल उडतोय, आणि वरचा भोंगा ठरल्याप्रमाणे "काम सुरळीत" अशी सूचना देतोय. मिस्त्रींनी शेतावरचा जुना डिझेलचा ट्रॅक्टर आणून त्याला साखळीने ओढून काढलं. ओढताना ते इतके हसत होते, की मला भीती वाटली, आता यांनाही कुणीतरी ओढून काढावं लागणार.

मी तेव्हा हसले नाही. तो तुकडा आमच्या नकाशात सपाट दिसतो. आम्ही पुन्हा मोजला, तरी सपाट. जमीन चार बोटं खाली गेली असेल, तर ते आमच्या मोजणीत धरलंच जात नाही. आणि चार बोटांनी माझा प्रकल्प बुडवला.

आता तुला कळलं मी का विचारलं ते. तुझ्या सरीतला तो बाक मी दहा वेळा आठवून बघतेय. उत्तर दिलंस तर उपकार. नाही दिलंस तर तेही समजेन, पण उत्तर दे.

टिल्लू


१४ मार्च

ताई,

हे पत्र हसत हसत लिहिता येणार नाही. प्रयत्न करते.

आमच्याकडे एक संशोधक विद्यार्थिनी आहे. तिच्या चष्म्याची काच तिच्या चेहऱ्यापेक्षा मोठी, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणतात आणि तिलाही ते आवडतं. मी तिला तुझ्या ट्रॅक्टरच्या जुन्या नोंदी काढायला सांगितल्या. त्या दोन हंगामांत तुझ्या ट्रॅक्टरच्या टपावर थाळी बसवली होती, त्या नोंदी. त्या वेळी वीतभरापेक्षा जास्त सरकलेला प्रत्येक ठिपका मी चालकाची चूक म्हणून नुसता मोजला आणि नकाशातून गाळून टाकला होता, सभेतली ती एक सरी सोडून. चष्मेवालीने न गाळलेल्या काढल्या. परवा सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली आणि नम्रपणे म्हणाली, "मॅडम, एक शंका आहे. या चालकाला डुलकी एकाच जागी कशी लागते?"

"म्हणजे?"

"पहिल्या हंगामात बेचाळीस सऱ्या आहेत. बेचाळीसही सऱ्यांना तिथेच बाक आहे. माणसाला झोप कुठेही लागू शकते, पण एकाच जागी बेचाळीस वेळा?"

मिस्त्रींनी लेथ बंद केलं.

मग ती म्हणाली, "आणि दुसऱ्या हंगामात एकही बाक नाही. सगळ्या सऱ्या सरळ. दुसऱ्या वर्षी काय बदललं होतं?"

मला आठवत होतं, तरी मी फाइल काढली, म्हणजे आठवत नाही असं थोडा वेळ तरी वाटावं. त्या वर्षी विद्यापीठाचा सुरक्षेचा नियम आला होता. चालकाने कानांवर ते जाड पिवळे कप चढवायचेच. फॉर्मवर माझी सही आहे. केबिनमध्ये कॅमेरा होता, आणि कप काढलेस तर अख्खा हंगाम बाद होईल, हे मीच तुला बजावलं होतं. तू एकदा म्हणाली होतीस, "टिल्लू, हे घातलं की मला शेत कळत नाही." मी म्हटलं होतं, "दोन दिवसांत सवय होईल."

तू इंजिन ऐकून गाडी चालवतेस. मान जरा कलती करून. मी लहानपणी तुझी नक्कल करायचे आणि मार खायचे. जमीन किंचित खाली गेली की इंजिनावरचा ताण सैल पडतो, तो तुला ऐकू येतो आणि तू सरी चढाकडे वळवतेस, म्हणजे पाणी तिथे साठत नाही. असंच आहे ना? मी तुझे कान बंद केले आणि तू सरळ गेलीस. मग मी शोधनिबंध लिहिला, की दुसऱ्या हंगामात चालकाच्या चुका जवळजवळ नाहीशा झाल्या. त्या निबंधाने मला नाव मिळालं, पुढे हे पद मिळालं.

मी भावोजींना फोन केला. खोदून खोदून विचारलं. आधी टाळाटाळ केली, मग बोलले. त्या हंगामात उत्तरेच्या तुकड्यातला तिसरा हिस्सा बटाटा पाण्यात सडला. तू त्यांना सांगितलं होतंस, टिल्लूला कळता कामा नये. ताई, मी तुझ्या सऱ्यांची इंच इंच मोजणी केली आणि काढणीला किती बटाटे निघाले ते एकदाही विचारलं नाही. आणि वर तुला पहिल्या रांगेत बसवून सगळ्या सभेला हसवलं.

तो विनोद नव्हता. तो मूर्खपणा होता, आणि कानांचा तो नियमही मूर्खपणाचाच होता. माझं चुकलं. चार वर्षं मी "विनोदाबद्दल सॉरी" म्हणत होते, ती माफी नव्हतीच. ही आहे.

टिल्लू


२ एप्रिल

ताई,

भावोजींकडून काहीच निरोप नाही, म्हणजे तू त्यांनाही दम दिला असणार. बिचारे. माझ्याकडून त्यांना सांग, की मी त्यांच्यावर चिडलेली नाही.

मी शोधनिबंध मागे घेतला. मासिकाला कळवलं, की निष्कर्ष चुकीचा होता, चूक माझी होती आणि चालकाची एकही नव्हती. हे कळवण्याआधी मोठ्या साहेबांना सांगायला गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. म्हणाले, "समिती येण्याच्या तीन आठवडे आधी? समितीच्या अध्यक्षांनी आपल्या पुस्तकात तुमच्या त्या निबंधाचा दाखला दिलाय, माहीत आहे का?" म्हटलं माहीत आहे. "महिनाभर थांबता येणार नाही?" म्हटलं, चार वर्षं थांबलेय. त्यावर ते म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेताय, पण निदान नेम चांगला आहे."

बाहेर येऊन मी जिन्यात बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण भूकच लागली. दोन पुडे बिस्किटं खाल्ली.

आता आम्ही ठोंब्याला ऐकायला शिकवतोय. त्याला इंजिन नाही, त्यामुळे आवाज नाही. पण मिस्त्री म्हणाले, "आवाज नसेल, पण दम तर लागत असेल ना?" बरोबर. अवजार ओढायला जोर लागला की मोटर जास्त वीज खाते, सैल पडलं की कमी. चष्मेवालीने ती वीज क्षणाक्षणाला मोजायची सोय केली. कमी झाली की चढाकडे वळ, असं त्याला सांगितलं.

आणि तो वळतो. नको इतका वळतो. ढेकूळ लागलं की वळतो, खड्डा आला की वळतो, काल तर चक्क बांधावर चढून शेजारच्या शेतात निघाला होता. मिस्त्रींनी धावत जाऊन लाल बटण दाबलं. धावता धावता त्यांची टोपी उडाली आणि ठोंब्याने ती नीट वरंब्याखाली पुरली. सऱ्या बघशील तर आधी सरळ होत्या त्या आता एखाद्याने शिंकत शिंकत काढल्यासारख्या झाल्या आहेत. तू नेमकं काय ऐकतेस आणि काय सोडून देतेस, हे आम्हाला कळत नाही.

ये म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून म्हणत नाही. प्रयोगशेताचं मोठं फाटक सकाळी आठला उघडतं, एवढंच कळवते.

टिल्लू


१५ एप्रिल

ताई,

तू परवाच गेलीस आणि मी लगेच पत्र लिहायला बसले, कारण दोन दिवसांत तू माझ्याशी एक अक्षरही बोलली नाहीस. मग माझं सगळं साठून राहिलं.

मंगळवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी वर्कशॉपच्या दारात तू उभी, पायांत बूट, मागे भावोजी पिशवी घेऊन. माझ्या हातातला चहा बशीत नाही, पायावर सांडला. तू माझ्याकडे बघितलंस आणि मिस्त्रींना विचारलंस, "हे यंत्र कुणाचं?"

"मॅडमचं," मिस्त्री म्हणाले.

"मॅडमना सांगा, चालू करा म्हणावं."

मी चार हातांच्या अंतरावर उभी! मिस्त्रींनी वळून मला गंभीरपणे सांगितलं, "मॅडम, चालू करा म्हणतायत." मी म्हटलं, "त्यांना सांगा, करते." असे दोन दिवस आम्ही बोललो. तिसऱ्या दिवशी बिचाऱ्या मिस्त्रींचा घसा बसला होता.

तुला ट्रॅक्टरवर बसलेलं कितीतरी वर्षांनी बघितलं. आमचा तो जुना खटारा तुझ्या हाताखाली सरळ आला. मान कलती, उजवा कान पुढे, डोळे कुठेतरी लांब. तू हात वर करायचीस तिथे मिस्त्री काठी रोवायचे. बारा फेऱ्या, बारा काठ्या. चष्मेवालीने त्या काठ्या आपल्या आलेखावर मांडल्या आणि ती ओरडलीच. मोटरची वीज जिथे कमी होते त्याच्या पुढे, प्रत्येक वेळी तेवढ्याच अंतरावर, तुझी काठी.

मग तू मिस्त्रींना सांगितलंस, "मॅडमना म्हणावं, घाई करताय. सैल पडलं की लगेच वळायचं नसतं. तीन पावलं दम धरायचा. ढेकूळ असेल तर तोवर संपतं. तीन पावलांनंतरही सैलच असेल, तर जमीन खाली गेलीय समजायचं. आणि ती जागा पाठ करून ठेवायची नाही, नांगरट झाली की दर वर्षी ती थोडी सरकते."

तीन पावलं! मी या विषयात अठरा वर्षं घालवली. आम्ही ठोंब्याला तीन पावलं थांबायला सांगितलं आणि बुधवारी दुपारी तो त्या खोलगट जागेपाशी आला, थांबल्यासारखा झाला आणि हळूच, अगदी हातभर, चढाकडे वळला. पाणी सोडलं तर टोकापर्यंत गेलं. मिस्त्रींनी शिट्टी मारली. मी तुझ्याकडे बघितलं, तर तू बांधावर उभी राहून आपल्या बुटांकडे बघत होतीस.

तुझा राग गेलेला नाही, हे मला समजलं. दोन दिवस तू सगळ्यांशी ओरडूनच बोललीस. चष्मेवालीने तुला तीनदा काहीतरी विचारलं, तू तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस. तिला वाटतंय तिचंच काही चुकलं. आणि निघताना, तू फाटकापर्यंत गेली होतीस तेव्हा, मी मागून "ताई" अशी हाक मारली. दोनदा. तू वळली नाहीस. भावोजी वळले, आणि त्यांनी हाताने काहीतरी खूण केली ती मला कळली नाही.

तू आलीस, शिकवलंस, हे माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे. तक्रार नाही. पण त्या हाकेचं वाईट वाटलं, ते लपवत नाही. लपवायची सवय सोडतेय.

टिल्लू


२७ एप्रिल

ताई,

झालं एकदाचं! समिती आली, बूट घालून शेतात उतरली, ठोंब्याने वीस सऱ्या पाडल्या, वीसही वेळा तीन पावलं दम धरला, पाणी सोडलं, कुठेही तळं नाही. एका परीक्षकांनी विचारलं, "हे तीन पावलांचं सूत्र कुठून काढलंत? आधार काय?" मी म्हटलं, माझी मोठी बहीण. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग खोलीत बसवून तासभर त्या मागे घेतलेल्या निबंधावरून मला सोलून काढलं. अध्यक्ष तर फारच. मी सगळं सांगितलं, पिवळ्या कपांपासून सडलेल्या बटाट्यांपर्यंत. शेवटी निर्णय असा, की प्रकल्प चालू राहील, पण प्रमुख म्हणून वर्षभर मोठे साहेब बघतील आणि मी त्यांच्या हाताखाली. मोठे साहेब माझ्यापेक्षा जास्त अस्वस्थ झाले. त्यांना बैठका आवडतात, चिखल आवडत नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं. संध्याकाळी वाटेल म्हणून वाट बघितली, तरी नाही वाटलं. ठोंब्या माझ्या डोळ्यांसमोर वळतो, एवढं मला पुरतं. बाकी तू बोलशील तेव्हा बोलशील. मी पत्रं पाठवत राहीन, तुझ्याकडे पाने पुष्कळ आहेत.

टिल्लू


४ मे

टिल्लू,

मला लिहायची सवय नाही. हे तिसऱ्या दिवशी पुरं होतंय. तुझी सहा पत्रं आली. सगळी दोनदा वाचली. तू फार लिहितेस.

आधी महत्त्वाचं. मी ओरडत नव्हते. मला ऐकू येत नाही. डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला, उजवा अर्धा उरलाय. डॉक्टर म्हणाले, तीस वर्षं इंजिनाशेजारी बसल्यावर आणखी काय होणार. तेव्हा तुझा तो कानांचा नियम बरोबर होता. बटाटे गेले ते गेले. माफीतून तेवढं वाक्य खोडून टाक.

त्या चष्म्याच्या मुलीला सांग, ती माझ्या डाव्या बाजूला उभी होती. हुशार आहे पोरगी. आणि फाटकापाशी तू हाक मारलीस म्हणतेस, ती माझ्यापर्यंत आली नाही. आली असती तर वळले असते.

पहिली दोन वर्षं राग होता, खरा राग. डुलकीचा नव्हता. दुसऱ्या वर्षी चालक सुधारला, असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस, त्याचा होता. मग तो राग कधी ओसरला ते कळलं नाही, पण तोपर्यंत फोनवर बोललेलं समजेनासं झालं होतं. तुला सांगितलं असतं तर तू दहा डॉक्टर आणि वीस आलेख घेऊन दारात आली असतीस. म्हणून यांना शपथ घातली होती. आणि म्हणूनच ते दोन दिवस मिस्त्रींमार्फत बोलले, तुझ्याशी बोलले असते तर तुला लगेच कळलं असतं. यांना शपथ पाळताना किती त्रास झाला ते हेच सांगतील, मोठ्याने सांगतील.

गेल्या हंगामात उत्तरेचा तुकडा मी तसाच पडीक ठेवला. खोलगट जागा ऐकू येईना. चार वेळा ट्रॅक्टर घेऊन गेले आणि परत आले. हे मी यांनासुद्धा सांगितलं नाही, अवजार बिघडलंय म्हणाले. तुझ्याकडच्या त्या खटाऱ्याचा आवाज फाटका आणि मोठा, तो या कानाला अजून कळतो. माझ्या नव्या ट्रॅक्टरचा कळत नाही. मग बुधवारी तुझा ठोंब्या वळला. मी असते तर तिथेच वळले असते, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. तेव्हा मी बुटांकडे बघत होते कारण डोळे भरून आले होते आणि तुझ्या मिस्त्रींसमोर मला ते नको होतं.

तीन पावलं हे फक्त एक झालं. ओली जमीन वेगळी बोलते, खडकाळ वेगळी, मुळांचं जाळं असेल तर तिसरंच काहीतरी. उजवा कान चालतोय तोवर त्याला सगळं शिकवून घे. बारा तारखेला यंत्र घेऊन ये, मिस्त्रींना आण, त्या मुलीलाही आण, उजव्या बाजूला उभी राहा म्हणावं. राहायची तयारी करून या.

आणि आलीस की घंटी वाजवू नकोस, बाहेर उभी राहून हाका मारू नकोस. सरळ आत ये.

ताई